पेरूच्या झाडाला टांगलेलं हाड

राजनंदिनी हाडांचीच डॉक्टर होणार होती. म्हणजे अजून पहिल्याच वर्षाला होती, आणि त्यातलेही काही महिनेच सरले होते. पण होणार म्हणजे होणार! हे तिनं परभणीच्या हॉस्टेलवर सांगून टाकलं होतं, सोनपेठच्या घरी सांगून टाकलं होतं, आणि एसटीत शेजारी बसलेल्या, काहीएक न विचारणाऱ्या बाईलासुद्धा सांगून टाकलं होतं.

विरोध होता तो एकट्या चतुराआत्याचा. पण आत्याचा विरोध म्हणजे घराचा निकाल! राजनंदिनीचे वडील गोविंदराव शाळेत मास्तर. नुसत्या खाकरण्यानं अख्खा वर्ग गप्प करत. पण थोरल्या बहिणीपुढं त्यांचा स्वतःचाच घसा बसायचा. आई कुणाचीच बाजू न घेता भाकरी थापत राहायची.

"हाडं वढायचं काम गड्याचं हाय," आत्या म्हणायची. "तू आपली बायकांची डॉक्टरीण हो. बाळंतपणं कर, पुण्य लागंल."

"मी पुण्य लावून घ्यायला न्हाई गेले तिकडं!"

"आन् तुला जमतंय तरी का? पयल्याच दिवशी आडवी झालीस म्हनं!"

आणि ती झाली होती आडवी, हे खरंच होतं. कॉलेजात पहिल्यांदा मृतदेहावरची चादर सरकवली, ती गळ्यापर्यंतही आली नव्हती, तोवर ही जमिनीवर! शुद्धीवर आली तेव्हा सर वरून बघत होते. "पुढच्या वेळी येताना सतरंजी घेऊन या," एवढंच म्हणाले आणि पुढं शिकवू लागले. सगळा वर्ग हसला. त्याच दिवशी तिनं ठरवलं, की याच सरांपुढं, याच हाडांवर नाव काढायचं. कुणाची टाप आहे अडवायची!

मग वरच्या वर्गातल्या मुकुलनं तिला मांडीचं हाड दिलं.

"अस्सल हाय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बॅचमागून बॅच चालत आलंय. जीवापाड जप."

राजनंदिनीनं जपलं. बाकीच्या पोरी प्लास्टिकच्या हाडांवर अभ्यास करत, तेव्हा ही नाक मुरडून म्हणायची, "खेळण्यांवर कुनी डॉक्टर होत असतं का!" आधी ते टॉवेलखाली झाकून उशाशी ठेवलं, मग टॉवेल काढला, मग हातात धरून झोपू लागली. भीती गेली! अस्सल माणसाच्या अस्सल हाडाशी तिनं दोस्ती केली होती. सोमवारी तोंडी परीक्षा होती, तीही मांडीच्या हाडावर, आणि घ्यायला तेच सर. म्हणून शनिवारी घरी येताना लाल फडक्यात गुंडाळून ती ते सोबतच घेऊन आली.

पण घरात हाड नेलं तर आत्या सगळं घर गोमूत्रानं धुऊन काढणार. त्यापेक्षा नकोच. राजनंदिनीनं हुशारीनं ते गाठोडं मागच्या दारी पेरूच्या झाडाला टांगलं आणि निवांत झोपली.

आता, मेलेल्या माणसाच्या अस्थी आपल्याकडं घरात घेत नाहीत. फडक्यात बांधून बाहेर झाडाला टांगतात आणि मग गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, सोडतात, हे सोनपेठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. राजनंदिनीलाही होतं, पण तिच्या डोक्यात त्या वेळी मांडीचे स्नायू होते!

सकाळी ती डोळे चोळत मागच्या दारी गेली, तर फांदी रिकामी.

"आई! झाडावरचं गाठोडं कुठंय?"

"आत्या घेऊन गेल्या की. बन्सीधर गुरुजीला ऑटोत घातलं आन् गंगेवर गेल्या. म्हनल्या, दवाखान्यात कुनी बेवारस गेलं असंल, पोरीनं माणुसकीनं आणलंय, पर लाजून बोलायली न्हाई." आईनं पदर डोळ्याला लावला. "कोण होतं गं ते, बिचारं?"

"बिचारं न्हाई, फिमर होतं ते, मांडीचं! बाबा, गाडी काढा!"

गोविंदरावांनी गाडी काढली. वाटेत राजनंदिनीनं मागून सगळं ओरडून सांगितलं, पण वाऱ्यात त्यांच्या कानावर 'माणसाचं हाड' आणि 'आपल्या घरी' एवढंच आलं, आणि भीतीनं त्यांनी गाडी आणखीच पळवली.

घाटावर पोचले तेव्हा उशीर झाला होता. हाड केव्हाच पाण्यात पडलं होतं. पण अडचण वेगळीच होती. ते बुडतच नव्हतं! गुरुजी धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे, आत्या शेजारी हात जोडून उभी, आणि हाड त्या दोघांभोवती गोल गोल तरंगत होतं. धुणं धुणाऱ्या बायका धुणं टाकून जमल्या होत्या.

"माझ्या सबंध हयातीत असं झालं न्हाई," गुरुजी कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "कपडा सोडला तवाच मी म्हनलं, चतुराबाई, हे जळालं कसं न्हाई? तर म्हनल्या, लाकडं वली असतील!"

"त्याची वासना राह्यली हाय, दुसरं काय!" आत्या म्हणाली. "पिंडाला कावळा शिवत न्हाई, तसंच हे. काय राह्यलं रे बाबा तुझं? तुझ्या लेकराबाळायला सांभाळू!"

हाड तरंगतच.

"पुरनपोळी करून वाढू!"

हाडानं एक गिरकी घेतली आणि परत आत्याच्याच पायाशी आलं.

"आत्या, ते सोडू नका! माझं हाय ते!" राजनंदिनी पायऱ्या उतरत ओरडली.

"आली बघा!" गुरुजींना हायसं वाटलं. "हिच्यातच जीव अडकला असंल त्याचा. पोरी, तुझी काय इच्छा हाय ते बोल, म्हंजी हा मोकळा होईल."

राजनंदिनीनं तोंड उघडलं होतं खरं सांगायलाच. पण समोर आत्या पाण्यात उभी, गुरुजी साक्षीला, बायकांचा अर्धा गाव काठावर. असा मुहूर्त पुन्हा कधी येणार?

"मी हाडांचीच डॉक्टर होणार!" ती ठणकावून म्हणाली. "बायकांची न्हाई, बाळंतपणाची न्हाई, हाडांची! आत्यानं तसा शब्द द्यावा!"

"मी न्हाई देणार!" आत्या कडाडली.

हाड आत्याच्या पोटरीला येऊन टेकलं. आत्याचा चेहरा पांढरा पडला.

"द्या बाई," गुरुजी काकुळतीला आले. "मला पुढं एक सत्यनारायण हाय!"

आत्यानं डोळे मिटले. पाण्याची ओंजळ घेतली. "होईल रे बाबा," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज मऊ झाला होता, "माझी लेक हाडांची डॉक्टर होईल. गंगेच्या साक्षीनं सांगते. तुज्यासारख्या मोडल्या-पडल्यायला उभं करंल. आता तू सुखानं जा."

तो जाणार तेवढ्यात राजनंदिनीनं पाण्यात उडी घेतली आणि चपलेसकट कंबरभर पाण्यात शिरून हाड छातीशी कवटाळलं.

"जायचं न्हाई यानं! हा माझा मास्तर हाय! याच्याच जोरावर माझी भीती गेली! हे अस्सल माणसाचं—"

"राजे," गोविंदराव काठावरून हळूच म्हणाले, "तुझ्या ड्रेसला चहा लागलाय का?"

राजनंदिनीनं खाली पाहिलं. ड्रेस तपकिरी झाला होता. हात तपकिरी झाले होते. आणि हाड मात्र पांढरंशुभ्र होत चाललं होतं! रंग गेला तिथं कारखान्याचा नंबर उमटला होता आणि साच्याची शिवण वरपासून खालपर्यंत स्पष्ट दिसत होती.

गुरुजींनी ते हातात घेऊन वाजवून पाहिलं. आतून पोकळ!

"मी प्लास्टिकला काश्यप गोत्र लावलं?" ते क्षीण आवाजात म्हणाले. "गोत्र ठाऊक नसलं की काश्यपच लावतेत. नाव ठाऊक नव्हतं, तर ह्या म्हनल्या सदाशिव म्हणा. मी म्हनलं!"

काठावरच्या बायका धुण्यावर पडून हसत होत्या. राजनंदिनीला वाटलं, गंगेनं आता निदान आपल्याला तरी घ्यावं. इतके दिवस ती मुकुलनं गळ्यात मारलेलं, चहानं रंगवलेलं खेळणं कुशीत घेऊन झोपत होती! तिची भीती गेली होती, ती खेळण्यातल्या घोड्याला पोर भीत नाही तशी. रडूच आलं तिला. "आत्या, तुमचंच खरं," ती पुटपुटली. "तुमी दिलेला शब्द माघारी घ्या. प्लास्टिकला दिलेला शब्द तो."

आत्यानं पदर कंबरेला खोचला.

"का म्हून घेऊ? प्लास्टिकला दिला म्हून काय झालं? देणारी तर मी हाय ना! गंगेत उभं राहून बोलले, आता तू पडलीस तरी उठून हाडांचीच डॉक्टर व्हायचं. आन् दात काय काढायलाव गं?" ती काठावर गरजली. "उद्या गुडघे दुखले की हिच्याच दारात याल!"

हसू बंद झालं.

सोमवारी सरांनी टेबलावर हाड ठेवलं. हे अस्सल होतं. जड, जुनं, कुठंकुठं झिजलेलं. राजनंदिनीच्या कानात पहिल्या दिवशीसारखीच शिट्टी वाजू लागली. सरांनी मुद्दाम तिच्या पायाजवळ पाहिलं. "सतरंजी नाही आणली?"

ओळख ना पाळख, तरी 'बाबा' म्हणून हात जोडणारी आत्या तिला आठवली. तिनं सरांच्या डोळ्यांत पाहिलं आणि ते हाड दोन्ही हातांनी उचललं.

"नाही सर. लागणार नाही."

"बाजू?"

"उजवी."

"बाईचं की पुरुषाचं?"

"पुरुषाचं, सर." प्रत्येक खाच, प्रत्येक कंगोरा तिनं दाखवला. कुठला स्नायू कुठं लागतो, सगळं घडाघडा! सरांच्या भुवया वर जाऊ लागल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"उत्तम! आणखी काही सांगता येईल याच्याबद्दल?"

"हो सर!" राजनंदिनी छाती काढून म्हणाली. "गोत्र काश्यप!"