गप्प बसणाऱ्यांची विनी

विनीला कुणी ‘हाऊ आर यू’ विचारलं की ती विचार करायची.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न उत्तरासाठी नसतो. ‘गुड, मेट’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं, एवढं मलासुद्धा आठवड्याभरात कळलं होतं. विनी मात्र थांबायची. आमच्या पेंडल हिल उपनगरात स्टेशनजवळच्या किराणा दुकानातला गुजराती दुकानदार सवयीने विचारायचा. विनी पिशवी काउंटरवर ठेवायची, डोळे किंचित मिटायची, आणि स्वतःला आतून तपासून सांगायची, “गुडघा कालच्यापेक्षा बरा आहे. मन जरा कुरकुरतंय. का ते अजून सापडलेलं नाही.” मागे रांगेत बायका मेथीच्या जुड्या धरून उभ्या. पुढे पुढे तो दुकानदार तिला नुसतं “धनिया फ्रेश है” म्हणू लागला. तर तिने तेही तपासून पाहिलं.

‘नो वरीज’ ती कधीच म्हणायची नाही. “वरीज असतात की,” म्हणायची.

ही आमची घरमालकीण. विनिफ्रेड, निवृत्त नर्स, वय ऐंशीच्या घरात, अंगाने काठीसारखी, पायात कायम पुरुषी बूट. त्या वर्षांत विमानं भरभरून आपली मुलं तिकडे शिकायला उतरत होती. माझी बायको वैशाली त्यातलीच एक, अकाउंटिंगच्या मास्टर्सला. आणि मी तिचा डिपेंडंट. व्हिसावर शब्दच तो. नववीत शाळा सोडलेला, लोणंदच्या बाजूचा माणूस. दिवसा ब्लॅकटाउनच्या एका गोदामात खोकी उतरवायचो आणि उरलेल्या वेळात घाबरायचो. पत्र आलं की घाबरायचो, फोन वाजला की घाबरायचो, कुणी सलग दोन वाक्यं इंग्रजीत बोललं तरी घाबरायचो. विनीच्या घरात मागची खोली आमची, आणि पुढची लुधियानाच्या गुरप्रीतची. तो दिवसा कॉलेजला जायचा आणि संध्याकाळी टॅक्सी चालवायचा.

पहिल्या दिवशी मी तिला ‘मॅडम’ म्हणालो. “विनी,” ती म्हणाली. मग ‘मिसेस’ म्हणालो. “विनी.” वैशालीने सुचवलं, “अरे, आजी म्हण.” विनीने आजीचा अर्थ विचारून घेतला आणि तीही पदवी परत केली. तिच्या पंथात कुणाला मोठं म्हणत नाहीत. माणूस तेवढा सारखा. जुन्या काळी तिची माणसं न्यायाधीशापुढे टोपी काढायची नाहीत आणि सरदार-दरकदारांनाही एकेरी हाक मारायची. त्यापायी तुरुंगात जायची.

मला हे जमणारं नव्हतं. आमच्याकडे तलाठी दारावरून गेला तरी वडील बाजेवरून उठून उभे राहायचे. त्यात विनी हे आमच्या गल्लीतल्या चौथीतल्या पोरीचं नाव. फ्रॉक घातलेल्या, शेंबूड आलेल्या पोरीला मारायची ती हाक. शेवटी मी मार्ग काढला, हाकच मारायची नाही. समोर जाऊन उभं राहायचं आणि खोकायचं. विनीने मला खोकल्याचं औषध आणून दिलं.

तिचा पंथ क्वेकर. ख्रिश्चनांतलाच, पण पाद्री नाही, घंटा नाही, गाणी नाहीत, मूर्ती नाही, साधी मेणबत्तीसुद्धा नाही. प्रत्येकाच्या आत देवाचा थोडा उजेड असतो, तो दिसायला मध्ये कुणी एजंट लागत नाही, असा त्यांचा विश्वास. गोल बसायचं आणि गप्प राहायचं. आतून कुणाला फारच ढकललं तर त्याने उठून चार वाक्यं बोलायची आणि पुन्हा बसायचं. विनी पेंडल हिलला राहायला आली तीही याच नादात. हा पंथ काढणाऱ्या माणसाला इंग्लंडात याच नावाच्या टेकडीवर काहीतरी साक्षात्कार झाला होता म्हणे. “घर घ्यायला हे कारण मूर्खपणाचं आहे,” ती स्वतःच सांगायची. “इथे टेकडीसुद्धा धड नाही.”

हे सगळं मला नंतर कळलं. आधी घोटाळा झाला.

राहायला गेल्यावरचा पहिलाच रविवार. बैठकीच्या खोलीत डोकावलो तर पाच-सहा म्हातारी माणसं गोल बसलेली, माना खाली, कुणी हूं नाही की चूं नाही. एक बाई डोळे पुसत होती. मी तसाच मागे फिरलो. वैशालीला उठवलं.

“अगं, कुणीतरी गेलंय यांचं.”

“कोण?”

“असं कसं विचारू? चूल पेटलेली नाही. गॅस थंड आहे.”

ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजाऱ्याने करून न्यायचं, एवढं तर मला इयत्ता नववीच्या आधीच आलेलं होतं. मी भात टाकला, पिठलं घोटलं. पांढरा शर्ट घातला, चेहरा पाडला, पातेलं घेऊन खोलीत गेलो आणि मधोमध ठेवून हात जोडून जमिनीवर बसलो. कुणी काही बोललं नाही. मला ते बरोबरच वाटलं. बऱ्याच वेळाने विनीने शेजारच्याचा हात हातात घेतला आणि सगळे एकदम हसऱ्या चेहऱ्याने हलले, तेव्हा मी विनीजवळ जाऊन खोकलो आणि विचारलं, “कोण गेलं?”

खुलासा झाल्यावर त्यांनी पिठलं-भात चाटूनपुसून खाल्ला. डोळे पुसणाऱ्या बाईला सर्दी झाली होती. पुढे दर महिन्याला “ती दुःखाची पिवळी डाळ कर ना” अशी फर्माईश यायला लागली.

विनीने बंदी घातली ती ‘आईशप्पथ’वर. मी आणि वैशाली बोलताना दर वाक्याला एक यायची. तिने अर्थ विचारला. सांगितला. ती गंभीर झाली. “आत्ता शपथेवर खरं सांगतोयस, तर सकाळपासून काय सांगत होतास?” तिची माणसं कोर्टातही शपथ घेत नाहीत, नुसतं ‘खरं सांगतो’ म्हणतात. आठवडाभर माझं बोलणंच निम्म्यावर आलं.

घरातला प्रश्न असला की बैठक. मतदान नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बसायचं, आणि एकालाही पटलं नाही तर निर्णय नाही. कुकरच्या शिट्टीचा आवाज घरात चालेल का, यावर बैठक झाली तेव्हा गुरप्रीत कळवळून म्हणाला, “वोट करा लो ना, भाई, दो मिनट का काम है.” विनी म्हणाली, “मतदानात कुणीतरी हरतं. एकाच घरात हरलेल्या माणसाबरोबर जेवायचं कसं?” शिट्टीचा निकाल तिसऱ्या बैठकीत लागला. तोवर डाळ भिजवून उघड्या पातेल्यात बोटचेपी शिजवत होतो.

रविवारी मीही त्या गोलात बसू लागलो. कुणी बोलावलं नव्हतं. बोलावणं त्यांच्यात बसत नाही. मनात मी आपलं आमच्या गावच्या भैरोबाला आणून बसवायचो. विनीला सांगितलं तर म्हणाली, “जागा आहे.” शाळेत मी गप्प बसायचो तेव्हा मास्तर म्हणायचे, येत नाही याला. इथे गप्प बसायचो तर कुणाला तसं वाटायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला याचं केवढं अप्रूप, ते शिकलेल्यांना सांगून समजणार नाही.

पण म्हातारी माणसं ती. एक जण मुलाकडे ब्रिस्बेनला गेला, सर्दीवाली बाई नर्सिंग होममध्ये गेली, दोघं खरोखरच गेली. तेव्हा पिठलं करताना हात जड झाले. शेवटी गोलात आम्ही दोघंच उरलो, विनी आणि मी. शहरातलं त्यांचं मोठं सभागृह लांब, आणि तिचा गुडघा आता ट्रेनचे जिने चढेना. “एकटीने बसणं म्हणजे प्रार्थना,” ती एकदा सहज म्हणाली. “बैठकीला दुसरं माणूस लागतं.”

आणि त्याच हिवाळ्यात वैशालीला कॅनबेराला नोकरी लागली. चांगली, ऑफिसातली, पुढे पीआरची, म्हणजे तिथे कायमचं राहण्याची, वाट उघडणारी. तिथल्या गुंगालिनला खोलीसुद्धा बघून ठेवली तिने.

“सांग तिला,” वैशाली म्हणाली.

“तू सांग.”

“रविवारी तू बसतोस तिच्याबरोबर. मी नाही.”

मी नुसता खोकत फिरलो. शेवटी रविवारी दुपारी चहानंतर म्हणालो, “घरातला प्रश्न आहे. बैठक हवी.”

चौघं बसलो. नेहमीसारखी शांतता. मग मी सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, वैशालीने मधे मधे टेकू दिला. सांगून झाल्यावर मला कळलं की मी काय करून बसलोय. आमचं जाणं मी अशा माणसापुढे ठेवलं होतं, ज्याला खोटं बोलता येत नाही, आणि ज्याच्या एका नकाराने निर्णय थांबतो.

विनीने डोळे किंचित मिटून स्वतःला आतून तपासलं.

“मला पटत नाही,” ती म्हणाली.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. गुरप्रीत आपल्या बुटांकडे पाहू लागला.

“पटत नाही, त्याचं कारण मी आहे. तुम्ही नाही,” विनी म्हणाली. “आमच्यात यावर एक रीत आहे. न पटणाऱ्याने म्हणायचं, मी बाजूला उभी राहते. म्हणजे पटलेलं नाही, पण वाटेत मी नाही. मी बाजूला उभी राहते. तुम्ही जा.”

“मैं भी साइड में खड़ा हूँ,” गुरप्रीत हळूच म्हणाला. “आंटीके साथ.” त्या दिवशी ‘आंटी’ला तिने हरकत घेतली नाही.

निर्णय झाला होता. आता विनीने शेजारच्याचा हात हातात घ्यायचा, की बैठक संपते, ही त्यांची पद्धत. तिच्या शेजारी मी होतो. ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. गुरप्रीतच्या शिफ्टची वेळ होत आली, चहाचे कप गार झाले, वैशालीने शाल सावरून घेतली. कुणीच उठलं नाही. माझा हात रिकामाच होता. मी तो पुढे केला नाही.