सा ते प, मधी उतरायचं न्हाई

आमचे शेजारी सोपानकाका कुणाला रामराम घालत नाहीत. ते 'सा' लावतात. समोरच्यानं 'प' द्यायचा. जमला तर चहा, चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा डॉक्टरनं घसा बघायला "आ करा" म्हटलं, तर काकांनी आकारात सा लावला आणि डॉक्टरलाच म्हणाले, "आता तुम्ही प द्या." डॉक्टरनं मुकाट्यानं गोळ्या दिल्या.

तीर्थपुरीत काकांची पाच एकर कपाशी आहे, पण जीव सगळा पेटीत. जीपचा हॉर्न आणि आमच्या कुकरची शिट्टी एकदम वाजली की ते भिंतीपलीकडून विचारतात, "अंतर सांग." घरापुढच्या माझ्या बियाण्याच्या दुकानातून मी अंदाजानं म्हणतो, "ग?"

"कोमल ग. कान धुऊन ये."

असे कान धुता धुता मला स्वर ओळखता यायला लागले. गळ्यातून काढायचं मात्र जमलं नाही. काकांची शिकवायची तऱ्हा एकच. "सा ते प म्हंजे तीर्थपुरी ते घनसावंगी. जीपमधी बसायचं, मधी कुठं उतरायचं न्हाई."

हे जमायचं फक्त त्यांच्या लेकीला, रेणूला. काकू गेल्या तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हापासून रोज सकाळी काका ओसरीवर सा लावणार आणि स्वयंपाकघरातून रेणू प देणार.

तर या रेणूला बघायला बदनापूरचा गणेश आला. मुलगा नोकरीचा, स्वभावानं सरळ. आवडल्याचं रेणूनं माझ्या बायकोच्या कानात सांगितलंही होतं. पोहे झाले, आणि काकांनी पगार-बिगार काही न विचारता सा लावला. गणेशनं घाबरून जो लावला तो म होता.

"मधीच उतरले तुम्ही पाव्हणं," काका म्हणाले.

मुलाचा मामा तडकला. "आम्ही सोयरीक जुळवायला आल्तो का गाणं शिकायला?"

"आठ दिवस घ्या. पण प आल्याबिगर पोरगी देणार न्हाई. बिलकुल न्हाई."

रेणू दोन दिवस बापाशी बोलली नाही. सकाळचा प मात्र तिनं चुकवला नाही.

तिसऱ्या दिवशी गणेशचा मला फोन. "भाऊ, हा प नेमका असतो कुठं?" बिचारा बदनापूर ते जालना रेल्वेत सराव करायचा, त्याच्या रोजच्या सोबत्यांनी डबा बदलला. रविवारी तो माझ्या दुकानात आला आणि खताच्या पोत्यांमागं बसून प शोधू लागला. एक गिऱ्हाईक दचकून म्हणालं, "काय करून राह्यले मागं? इच्चू चावला का कुणाला?"

आठव्या दिवशी काकांनी सा लावला. गणेशनं डोळे मिटले. त्याचा स्वर वर चढला, म ओलांडला आणि प च्या अलीकडं अडकला. मला ते स्पष्ट ऐकू आलं. तेवढ्यात दाराआडून रेणूचा बारीक प आला, त्याला हात द्यावा तसा. गणेशचा स्वर लटपटत तिच्याकडं सरकला, पण पोचला काही नाही.

काकांनी पेटीचा भाता मिटला. "बराबर," ते म्हणाले. "सोयरीक पक्की."

पाहुणे गेल्यावर मला राहवलं नाही. "काका, प उतरलेला होता."

"मला काय ऐकू येत न्हाई का? वीस वर्षं माझ्या सा ला तिनं प दिला. आजचा माझ्यासाठी नव्हता, त्याच्यासाठी होता. मंग मी कोण न्हाई म्हणणारा?" एवढं बोलून ते उगाच पेटी पुसत बसले.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी भिंतीपलीकडून सा आला. बराच वेळ तो एकटाच होता. शेवटी मी तोंडातला ब्रश काढून भिंतीपाशी गेलो आणि प लावला.

मग काका म्हणाले, "म आला. पुन्हा लाव."

मी तीनदा चुकलो आणि त्यांनी तिन्ही वेळा दुरुस्त केलं. मी काही जावई नव्हतो.