अंबाडीच्या वाफ्याची पडताळणी

माझ्या परसातल्या अंबाडीच्या वाफ्याला सरकारी दोरी पडली, ती माझ्याच ओट्यावरच्या चर्चेमुळे. चर्चा करणारे दोघे: विज्ञान शिकवून निवृत्त झालेले कमळाकर मास्तर, आणि कंपनीची नोकरी लवकर सोडून घरी बसून विचार करू लागलेले हैबतराव. आमच्या अष्टमी गावात ओटे पुष्कळ, पण चहा माझ्याच ओट्यावर फुकट.

शहाण्णव सालचा श्रावण. माझी लेक शीरा नऊ वर्षांनी इस्रायलहून पंधरा दिवसांसाठी यायची होती. पत्रात मागणं एकच: आई, तुझ्या हातची अंबाडीची भाजी. म्हणून वाफा राखलेला. शेळीलाही तोंड लावू दिलं नव्हतं.

त्या दिवशी विषय गांजाचा. सरकारने तो खुला करावा, असं हैबतरावांचं ठाम मत. गांजा दोघांनीही पाहिलेला नव्हता.

"पान कसं असतं वो त्याचं?" मास्तर म्हणाले.

हैबतरावांनी परसाकडे बोट केलं. "हे असंच. पंजासारखं."

"मग ह्यो गांजाच नाय कशावरून?"

"भाजी हाय ती, मेल्यांनो!" मी आतून ओरडले.

"एस्थरबाई, तपासेपर्यंत वस्तू दोन्ही असते," मास्तर म्हणाले. "भौतिकशास्त्र हाय."

धोरण स्पष्ट व्हावं म्हणून हैबतरावांनी वर पत्र धाडलं. सोबत नमुन्याला माझं पान.

आठव्या दिवशी पेणहून 'संशयित पालेभाजी पडताळणी कक्षा'चे साहेब जीपने आले. वाफ्याभोवती दोरी बांधली, पानं मोजली. सहाशे बारा. हुकूम असा: पान तोडल्यास पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा, पान वाढल्यास गुन्ह्यात वाढ.

"मग मी करू काय?"

"आहेत तेवढीच ठेवा."

"पाऊस पडतोय, साहेब."

"त्याला वेगळं पत्र जाईल."

शीरा आली. दोरीपाशी उभी राहून म्हणाली, "आई, एवढ्या लांबून मी काय भाजी बघायला आले?"

मी पेणला चार खेपा घातल्या. शेवटी साहेबांनी मार्ग काढला: पंचांना भाजी खायला घालायची आणि नशा चढते का ते पाहायचं. तारीख दिली शनिवारची. आम्ही यहुदी, शनिवारी आमच्याकडे चूल पेटत नाही. रविवार ठरला. सोमवारी शीराचं विमान.

पंच म्हणून गावात मोकळे दोघंच होते. तेच. मी कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन भाजी केली. शीराने वाटी पुढे केली.

"परदेशी नागरिकाला मुद्देमाल वाढता येत नाही," साहेब म्हणाले.

पंचांनी तीन-तीन भाकऱ्या हाणल्या. साहेब घड्याळ लावून बसले. दहाव्या मिनिटाला हैबतराव म्हणाले, "मुळात खाल्लं, असं म्हणणारा मी कोण?" मास्तर म्हणाले, "काळ असा नसतोच. आणि विश्व फुगतंय, तर फुगतंय कशात?" मग दोघांनी मिळून दिल्लीचं सरकार पाडलं आणि तासाभरात दुसरं बसवलं.

साहेब झरझर लिहीत होते. "स्थळकाळाचं भान नाही. असंबद्ध बडबड. अंमल सिद्ध."

"अहो, हे रोजच असे बोलतात! काय न खाता!"

"खाण्यापूर्वीच्या अवस्थेचा दाखला?"

साक्षीला शेजारच्या विमलबाईंना बोलावलं. त्या आल्या आणि सरकारचं गांजा-धोरण कुठे चुकलं ते सांगू लागल्या. साहेबांनी दचकून विचारलं, "बाई, तुम्हीही खाल्लीत?" तोवर कुंपणाला सगळी आळी लागली होती. प्रत्येकाला काहीतरी समजावून द्यायचं होतं. साहेबांनी लिहिलं: "लागण गावभर."

मी पदर खोचला. "साहेब, लेक उद्या चाललीय. काय हवं ते सांगा."

"एक शुद्धीतला पंच आणा. ज्यातलं काही कळत नाही, त्यावर ज्याचं मत नाही, असा कुणीही. सकाळपर्यंत वाफा मोकळा."

नदीवरचा पूल ओलांडून मी पलीकडचं रोहा पालथं घातलं. न्हावी, कंपाउंडर, एसटीचा कंट्रोलर. कुणी नाही म्हणालं नाही. मत सांगितल्याशिवाय सोडलंही नाही. शीरा भाजी न खाता गेली.

अट अजून तशीच आहे. तुम्ही अंबाडी कधी तोडली नसेल, गांजा पाहिला नसेल, साहेबही तुमच्या ओळखीचे नाहीत. म्हणून विचारते, पंच म्हणून याल?

काय म्हणता? "मुळात साहेबांनी असं करायला हवं होतं की..."

राहू द्या. तुम्हीही बाद.