न हलणारी खुर्ची

ड्रायव्हरसाहेब कायमचे घरी राहायला आले, तेव्हा त्यांच्या खुर्चीत कोंबडी बसलेली होती.

खुर्ची साधीच, हातांची, लाकडी, चुलीच्या डाव्या अंगाला. लग्न झाल्या झाल्या साहेबांनी ती स्वतः डोक्यावरून घरी आणली आणि लगेच लांब पल्ल्याच्या गाडीवर रुजू झाले. पुढे उभं आयुष्य हादरणाऱ्या सीटवर गेलं. सुट्टीत यायचे ते रात्री, झोपायचे आणि उजाडायच्या आत निघायचे. पण दर मुक्कामाला मनाशी म्हणायचे, एकदा रिटायर झालो की ती खुर्ची आणि मी. थंडीच्या तोंडावर रिटायर होऊन ट्रंक घेऊन घरी आले, तर चुलीसमोर कुत्रा ऐसपैस पसरलेला, मांजर त्यांच्या रजईत आणि खुर्चीत त्यांचाच गाडीवरचा जुना स्वेटर अंथरून कोंबडी. साहेबांच्या वाट्याला मागच्या दाराजवळचं स्टूल आलं.

"अगं, कोंबडी कुठे खुर्चीत बसते का?"

"थंडी आहे," बायको म्हणाली. "ऊन तापायला लागलं की बघू."

त्या दाराला खाली मांजरीच्या येण्याजाण्याचं भोक होतं. त्यातून येणारा वारा सगळी थंडी साहेबांच्या पाठीत घुसत राहिला. थंडी सरता सरता कोंबडी खुडूक झाली, तेव्हा बायकोने तिच्याखाली अंडीही ठेवली, म्हणजे आता तिला हलवायची सोयच राहिली नाही.

शेवटी एका सकाळी अंगणातल्या झाडाला पालवी दिसली आणि ऊन चांगलं चटकलं. नेमकी त्याच दिवशी बायको पाय मुरगळलेल्या बहिणीला बघायला निघाली.

"कुत्र्याला कोमट पाणी द्या, गार पीत नाही तो. मांजरीला हाकलू नका. कोंबडीपुढे दुपारी दाणे धरा, उठायला लावू नका तिला. येतेच मी संध्याकाळी."

"आणि मी?"

"तुमचं काय? चांगले मोठे आहात," असं म्हणून ती गेली.

साहेबांनी मग वेळ घालवला नाही. कुत्रा अंगणात काढला. मांजर बाहेर काढली आणि भोकावर फळी ठोकली. अंडी स्वेटरसकट टोपलीत घातली, वर कोंबडी बसवली आणि टोपली मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. हात धुतले, खुर्ची पुसली आणि बसले. पाठ टेकली. खुर्ची हलली नाही. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात धुराचा भाग थोडाच होता.

तेवढ्यात शेजारीण खिडकीत आली. "भाऊजी, तुमची कोंबडी शेडच्या पत्र्यावर काय करतेय?"

"हवा खात असेल."

"आणि अंडी? गार पडली तर कामातून गेली बरं का. वहिनी जिवापाड जपतात ती."

साहेब शिडी घेऊन धावले. शिडी बघून कुत्र्याला वाटलं खेळ चाललाय, तो भुंकत सुटला आणि त्याला भिऊन कोंबडी पत्र्यावरून उडाली ती थेट झाडाच्या शेंड्यावर. बोलावून येईना, दाण्यांना भुलेना. शेवटी साहेबांनी टोपली घरात आणली, खुर्चीत बसले, स्वेटरसकट अंडी मांडीवर घेतली आणि वरून रजई ओढली. कोंबडी खाली येईपर्यंतचाच प्रश्न होता.

इतक्यात खाटेखालच्या ट्रंकेतून बारीक आवाज यायला लागले. ट्रंकेचं झाकण कधीचंच लागत नव्हतं, आणि आत घडी घातलेल्या युनिफॉर्मवर मांजरीची पिल्लं होती. त्यांची आई बाहेरून फळीवर नखं मारत होती. साहेब अंडी पोटाशी धरून अवघडलेल्या बाईसारखे उठले आणि एका हाताने पक्कड घेऊन सकाळी ठोकलेले खिळे काढले. मांजर आत आली. पुढच्या दाराने कुत्राही आला आणि चुलीसमोर पसरला. साहेब पुन्हा खुर्चीत बसले, पण आता उठायची चोरी झाली होती. ना जेवण, ना पाणी. जन्मभर ज्या खुर्चीची आस धरली, तिच्यात ते दिवसभर खुडूक होऊन बसले.

दिवेलागणीला बायको आली. तिने खोलीभर नजर फिरवली, रजईखाली हात घातला आणि एकेक अंडं चाचपून पाहिलं.

"उबदार आहेत. छान सांभाळलीत."

लग्न झाल्यापासून तिने त्यांना छान म्हटल्याचं साहेबांना आठवेना. दिवसभराची भूक ते विसरले. आज गाडी रुळावर आली, असं त्यांना वाटलं. बायको अंगणात गेली, तिने एक हाक मारली, आणि कोंबडी मुकाट झाडावरून खाली आली. तिला काखेत घेऊन बायको खुर्चीसमोर उभी राहिली.

"उठा."

"अगं, माझी खुर्ची आहे ही."

"तुमचीच आहे. नाही कोण म्हणतंय?" तिने त्यांच्या मांडीवरून अंडी अलगद काढली. "तुम्ही गेलात ना गाडीवर, तेव्हा मी रोज पुसून ठेवायचे. जेवायला बसलं की समोर ही रिकामी. मग एक दिवस कोंबडीच आणून ठेवली हिच्यात. निदान कुणीतरी माझ्याकडे बघायला लागलं. ही चौथी आहे."

ती रागावून बोलली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हता. स्वेटर खुर्चीत नीट पसरत, कोंबडीला अंड्यांवर बसवत ती दळणाचं सांगावं तसं सांगत होती. साहेब उठून उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"अंड्यांतून पिल्लं कधी निघतील?" त्यांनी विचारलं.

"निघतील."

"तरी अंदाजे? किती दिवस वाट बघायची मी?"

"मी विचारलं होतं का कधी?"

एवढं बोलून तिने पायाने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि कुत्र्यासाठी पाणी कोमट करायला ठेवलं. साहेब ते घेऊन मागच्या दाराशी आपल्या जागी बसले. दाराच्या भोकावरची फळी त्यांनीच काढली होती. वारा थेट पाठीत घुसला.