पुढे साडू, मागे साडू

"हे नुसते एकामागोमाग एक फिरतायत. कुणी कुणाच्या पुढे का जात नाही?" बॅग भरता भरता बायकोने टीव्हीकडे पाहून विचारलं.

धाकट्या जावयाला मोटारशर्यतींतलं सगळं कळत असे, निदान सोफ्यावर बसून तरी. "पुढची गाडी हवा घुसळून ठेवते. मागची जवळ गेली की तिची पकड सुटते, टायर तापतात. त्यात रस्ता अरुंद. मग वाट बघायची. पुढची गाडी टायर बदलायला थांबली की सटकायचं."

"म्हणजे शर्यत नाही, रांग आहे. ऊठ आता, ताई-भाऊजी निघाले असतील."

हे ऐकताच तो ताडकन उठला. सासरच्या मंडळींनी यंदा तळ्याकाठचं घर भाड्याने घेतलं होतं. बाल्कनीची खोली एकच, जो आधी पोचेल त्याची. गेल्या सुट्टीत थोरले साडू आधी पोचले आणि या दोघांना हॉलमध्ये फ्रिजची घरघर ऐकत झोपावं लागलं होतं. सासूबाईंना मात्र कुठल्याच जावयाची गाडी सोसत नसे. "मला मळमळतं. मी आपली बसने येईन."

चढाच्या तोंडाशीच थोरल्या साडूंची गाडी आडवी आली. काळा धूर सोडत ती रमतगमत चालली होती. जवळ जावं तर खोकला, काचा लावाव्यात तर उकाडा.

"घाल की पुढे."

"रस्ता अरुंद आहे."

"आणि हवा घुसळलेली," बायकोने वाक्य पुरं केलं.

शेवटी साडू पेट्रोल पंपावर वळले आणि धाकट्याने डाव साधला. थोड्याच वेळात साडू आरशात उगवले. हॉर्न, दिवे, खिडकीतून हात. धाकट्याने गाडी रस्त्याच्या मधोमध घेतली. लग्नानंतर इतकं बरं त्याला प्रथमच वाटत होतं.

"ते काहीतरी सांगतायत."

"सांगू देत. मागच्याच्या हातात तेवढंच असतं."

रस्ता एका बंद पडलेल्या खाणीपाशी संपला. साडू सावकाश उतरले. "घराकडचं वळण पंपाला लागूनच होतं. केव्हाचा हॉर्न वाजवतोय, पण तुम्ही पुढे जाऊ द्याल तर शपथ."

दोन्ही गाड्या पोचल्या तेव्हा सासूबाई बाल्कनीत पाय पसरून चहा पीत होत्या. लेकी आईजवळ झोपणार हे ओघानेच आलं. जावयांना हॉल उरला. फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या बोळात दोन गाद्या एकीपुढे एक अशा कशाबशा मावल्या. थोरल्या साडूंनी दाराकडची धरली आणि शांतपणे चादर झटकली.

"बाथरूमला जायचं असेल तर आत्ताच जाऊन या," ते म्हणाले. "नंतर मला ओलांडून जाता यायचं नाही."