पेजेचा पडदा

देश स्वतंत्र होऊन सहा वर्षं झाली होती आणि मी अजून पनवेलच्या एका भाताच्या गिरणीत पोत्यांचा हिशेब लिहीत होतो. ही तफावत मला एका सकाळी दाढी करताना जाणवली. (माझे मोठे निर्णय दाढी करतानाच होतात. तोंडाला फेस असला की आरशातला माणूस तेवढा कारकून दिसत नाही.)

मला पेटी वाजवता येत होती आणि चित्रं काढता येत होती. निदान दोन्ही करताना मला आजवर कुणी अडवलं नव्हतं. तेव्हा नोकरी सोडायची आणि स्वतंत्र चित्रकार व वादक व्हायचं, असं ठरवून मी हिला सांगितलं. ही तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा बाजूला टाकला.

"दोन्ही एकदम?"

"त्यातच तर नावीन्य आहे."

"बरं," ती म्हणाली. आमच्या घरात याच्याइतका धोक्याचा शब्द दुसरा नव्हता.

शेठना तोंडावर सांगण्याइतका मी स्वतंत्र झालो नव्हतो. म्हणून हेडक्लार्क मनासे यांना म्हटलं, माझं तेवढं शेठच्या कानावर घाला. मनासे आमच्या आळीतलेच, हिला बहीण मानणारे. घालतो की, म्हणाले. मी खुर्चीवरचा कोट उचलला तेव्हा मात्र त्यांनी तो हळूच काढून घेतला. "कलावंताला कोट कशाला? राहू दे इथेच." मला ते एकदम पटलं.

दारावर पाटी लागली : 'टिपणीस, स्वतंत्र चित्रकार व वादक'. पहिले काही दिवस पाटी वाचून लोक आत आले, पण एकाला बैलगाडीवर नाव घालून हवं होतं आणि दुसऱ्याला पेटीत शिरलेला उंदीर काढून हवा होता. मी दोघांनाही कलेची व्याप्ती समजावून परत पाठवलं. ही आतून ऐकत होती. बरं, एवढंच म्हणाली.

मग विचुंबे गावचे महादेव आले. त्यांच्या मुलाचं, आनंदाचं, लग्न होतं.

"मास्तर, मांडवात नवरानवरीच्या मागं राजवाडा पायजे. मोर पायजेत. आनि तुमी म्होरं बसून पेटी वाजवायची. असं लगीन कुनी बगितलंच नाय, असं झालं पायजे."

मी शब्द दिला, आणि पुढे तो अक्षरशः पाळलाही गेला. त्या लग्नाला आसपासच्या सगळ्या गावांतून वऱ्हाड येणार होतं. कार्यक्रम रंगला तर अख्खा हंगाम माझा. फसला तर पुन्हा गिरणी.

मांजरपाटाचा भला मोठा पडदा आणला. गेरू, नीळ, काजळी, हळद अशा पुड्या जमवल्या. आता हे रंग कापडावर धरून ठेवायला सरस लागतो, आणि तो उकळला की त्याचा वास दोन आळ्या ओलांडून जातो. हिनं आपल्या चुलीवर सरस चढवू दिला नाही. मी विचारात पडलो असताना माझं लक्ष पेजेच्या पातेल्याकडे गेलं. उभी हयात गिरणीत गेलेल्या माणसाचा तांदळाच्या चिकटपणावर जेवढा विश्वास असतो, तेवढा देवावरही नसतो.

ही देवळातून परत आली. "पेज कुठे गेली?"

"कलेच्या कामी आली."

"अहो, मीठ घातलेली होती ती."

"मिठानं रंग टिकतो," मी ठोकून दिलं.

ती बरं म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून एक पातेलं जास्त शिजवू लागली. राजवाडा, तळं, कारंजं, दोन मोर, कोपऱ्यात माझी सही : सगळं पेजेवर उभं राहिलं. पडदा वाळला तेव्हा मी हिला समोर उभं करून विचारलं, कसा वाटतो. ती बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, भूक लागल्यासारखं होतं बघून. मी ही दाद समजलो.

लग्नाच्या दिवशी उन्हं कलता कलता मांडव भरला. पडद्याकडे बघून बायका पदर तोंडाला लावत होत्या. मध्यभागी सखूबाई बसल्या होत्या. त्या गावच्या धवलारीण. लग्नाची गाणी, म्हणजे धवले, त्यांनी म्हणायचे, त्याशिवाय तिकडे लग्न लागत नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पुरुस मानूस धवल्याला पेटी वाजवनार? वाजवा. आमी काय तुमच्यापायी थांबनार नाय."

त्यांनी सूर लावला आणि मी डोळे मिटून मागोमाग निघालो. डोळे मिटून वाजवलं की माणूस थोर दिसतो, हे मी आरशात पाहून ठेवलं होतं.

आणि खरोखर रंग भरू लागला. लोक पुढे सरकल्याचं मला ऐकू येत होतं. कुणी तरी हलक्या आवाजात "आरं बापरे" म्हणालं. थोड्या वेळानं एक बाई म्हणाली, "मोर गेला." मला वाटलं, माझ्या सुरांतून मोर उडून गेल्याचा भास होतोय बिचारीला. मी आणखी आळवून वाजवू लागलो. "कारंजापन गेला," दुसरी म्हणाली. तेव्हा मी डोळे उघडले, मान वळवली, आणि माझे हात थांबले.

महादेवांचा पाखऱ्या नावाचा धिप्पाड बैल दावं सोडवून मांडवात आला होता आणि शांतपणे राजवाडा चाटत होता. मोर, तळं, कारंजं संपवून तो आता वरच्या मजल्यावर पोचला होता. जीभ निळी झाली होती.

पेटी थांबताच त्यानं कान टवकारले आणि शिंगं हलवली. पायाशी बायका-पोरं दाटीनं बसलेली, मधे नवरानवरी. सखूबाई गाण्याच्याच सुरात मला म्हणाल्या, "मास्तर, थांबू नका. पेटी चालू हाय तवर बैल निवांत हाय. बुजला तर पोरं तुडवील."

मी वाजवू लागलो. पाखऱ्यानं मान खाली घातली आणि बुरूज खायला घेतला. माझ्यातला वादक असा माझ्यातल्या चित्रकाराच्या समूळ नाशाला साथ करत बसला होता. सखूबाईंनी एकही कडवं गाळलं नाही. मला तर वाटतं दोन-तीन पदरची घातली. शेवटी बैलानं कोपऱ्यातली माझी सही चाटली, एक सुस्कारा सोडला आणि आपल्या पायांनी गोठ्यात निघून गेला.

महादेव अतिशय खूश होते. नवरानवरीसमोर बैल पोटभर जेवला, यापरता शकुन कुठला? त्यांनी माझ्या हातात लाडवांचा पुडा दिला आणि सांगितलं, "पाखऱ्या नाल मारून घेत नाय वो, लई आडवा येतो. त्या टायमाला पेटी घेऊन या."

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ती पोट धरधरून हसली, मग डोळे पुसून पडदा उजेडात धरला. पाखऱ्यानं तो इतका स्वच्छ केला होता की तिनं त्या कापडाच्या दोन गाद्यांना खोळी शिवल्या. त्यातली एक अजून माझ्या अंगाखाली आहे. ही आता नाही. असती तर ही गोष्ट तिनंच सांगितली असती, आणि बैलाची बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली असती.

तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली, "सोमवारी डबा काय देऊ?"

सोमवारी मी मान खाली घालून गिरणीत गेलो. कोट खुर्चीवर होता तसाच होता. मनासे यांनी त्याची धूळ झटकून माझ्या पुढे धरला. शेठच्या कानावर त्यांनी काहीच घातलं नव्हतं. हिनं त्यांना पहिल्याच दिवशी तसं सांगून ठेवलं होतं, खुर्चीवरचा कोट बघून मी इथेच कुठे तरी आहे असं शेठना वाटत होतं, आणि माझ्या वाटणीचं काम मनासे स्वतः उरकत होते. मी कोटात हात घालतोय तोच शेठ आतून बाहेर आले. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी दुसरी बाही चाचपडत राहिलो.

"टिपणीस," ते म्हणाले, "गेले काही दिवस बघतोय. तुमच्या कामात एकही चूक नाही. असंच चालू ठेवा."