दसरूभाऊंचा फेब्रुवारी

आमच्या केंद्रात फेब्रुवारी महिना कधी चाळीस दिवसांचा असतो, कधी पन्नास. लीप वर्षाचा त्याच्याशी काही संबंध नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान पलटवायचा अधिकार दसरूभाऊंकडे आहे, आणि नाल्याकडच्या एका ठरावीक मोहाच्या झाडाचं पहिलं फूल जमिनीवर पडल्याशिवाय दसरूभाऊ मार्च लागू देत नाहीत.

हा अधिकार त्यांना कुणी दिला, असं विचारू नका. मी एकदा विचारलं होतं. "मंग तुमाले कोनी देल्ला?" असं उलट मलाच ऐकावं लागलं.

केंद्र म्हणजे धानोऱ्यापासून बरंच आत, जंगलाच्या कडेला दोन खोल्या, एक पत्र्याचं शेड, एक विहीर आणि शाळेच्या पोरांना झाडं-पाखरं शिकवायची हौस. मी तिथली व्यवस्थापक, मूळची वर्ध्याकडची. वच्छलाबाई स्वयंपाक सांभाळते. आणि दसरूभाऊ पोरांना जंगल दाखवतात. साठीच्या आसपासचा, सागाच्या वाशासारखा सरळ आणि तेवढाच न वाकणारा माणूस. कागदावर ते ‘निसर्ग मार्गदर्शक’ आहेत. नागपूरच्या मुख्य कार्यालयाने तसं छापलेला टी-शर्टही दिलाय. तो ते नेमाने घालतात, पण उलटा.

"मले रस्ता माहीत हाय," ते म्हणतात. "छातीवर लिहून काऊन फिरू?"

तर कॅलेंडर. जानेवारी संपतो पळसाची पहिली कळी उमलली की. मार्च संपतो चारं, म्हणजे चारोळीची फळं, पिकली की. जून लागतो तो मातीतून लाल मखमली किडा वर आल्यावर, आणि जुलै संपतो वारुळावर सात्या, म्हणजे आमच्याकडची अळंबी, उगवल्या की. माझ्या पहिल्या वर्षी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मोबाईल दुरुस्तीला धानोऱ्याला दिला होता. भिंतीवर फेब्रुवारी दिसत होता म्हणून मी निवांत होते. चुलतभावाचं साक्षगंध मार्चच्या सहा तारखेला, अजून वेळ आहे. मी वर्ध्याला पोचले तेव्हा व्याही येऊन, जेवून, परत जाऊन आठवडा झाला होता. काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाही. परत आल्यावर मी दसरूभाऊंवर बरीच आरडाओरड केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाडाले इचारलं होतं का?"

हे त्यांचं पालुपद. सहल कुठे न्यायची, पाऊस येईल का, विहिरीचं पाणी पुरेल का, कशावरही एकच सवाल: झाडाले इचारलं का.

पोरांना ते झाडाखाली तासभर नुसतं बसवतात. बोलायचं नाही, खाजवायचं झालं तर हळूच खाजवायचं. एक पोरगा म्हणाला, "वाघ दाखवा ना काका." दसरूभाऊ म्हणाले, "वाघ तुले सकाळपासून पाहून राह्यला. त्याचं झालं काम." त्यानंतर ती सगळी रांग इतकी शांत बसली की गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, ही युक्ती वर्गात चालेल का.

मुख्य कार्यालयाने अभिप्रायाचे अर्ज पाठवले होते. मुलांना कार्यक्रम कसा वाटला, खाली पाच चौकोन. चौथीपर्यंत शिकलेल्या दसरूभाऊंनी प्रत्येक अर्जाच्या तळाशी जाड्या अक्षरात एक ओळ वाढवली: झाडाले पोट्टे कसे वाटले. आणि चौकोनात खूणही त्यांनीच केली. बहुतेकांना ‘बरे’ मिळालं होतं. एका शाळेला ‘वाईट’, कारण त्यांनी सालीवर नावं कोरली होती.

हे अर्ज ज्यांच्या टेबलावर गेले ते ढोमणे साहेब. नागपूरला बसतात, माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचं पत्रक लागतं. आधी आमचं मोहफुलांचं शिबिर बिनतारखेचं असायचं. आसपासच्या तीन शाळांना सांगून ठेवलेलं असायचं, तयार राहा. ज्या दिवशी पहिलं फूल पडे त्या दिवशी दसरूभाऊ सायकलवर टांग मारून तिन्ही शाळांत जात आणि दारातूनच म्हणत, "उद्या." एवढंच. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पोरं हजर. ढोमणे साहेबांना हे पसंत नव्हतं. त्यांनी वर्षाचं पत्रक छापलं. ‘मोहफूल वेचणी शिबिर: मार्चचा तिसरा शनिवार.’ शहरातल्या शाळाही येणार होत्या.

दसरूभाऊंनी पत्रक वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "छापलं तं छापलं. झाडाले कुठी वाचता येते?"

आणि यंदा झालं तेच. फेब्रुवारीत आभाळ आलं, दोनदा गारा पडल्या, मोह लांबला. खालच्या गावात काही झाडांची फुलं पडू लागली होती, पण दसरूभाऊंचं झाड घोस लटकवून ढिम्म उभं. आपल्या मोहाचं असंच असतं, एक झाड आज टाकेल, शेजारचं पंधरा दिवसांनी. तिसऱ्या शनिवारी नागपूरच्या एका शाळेची चाळीस पोरं आली, सोबत दोन बाई आणि खुद्द ढोमणे साहेब. संध्याकाळी साहेबांनी मला शेडमागे बोलावलं. खालच्या गावातून त्यांनी दोन टोपल्या ताजी फुलं आणवली होती.

"सकाळी मुलं यायच्या आत झाडाखाली पसरून टाका," ते म्हणाले. "मुलांचा हिरमोड नको."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. उजाडायच्या आधी वच्छलाबाई आणि मी दोन टोपल्या रिकाम्या केल्या. आपण फार छान सडा घातला असं मला वाटलंसुद्धा.

मग दसरूभाऊ पुढे, पोरं मागे अशी वरात आली. पोरं टोपल्या घेऊन धावणार तोच त्यांनी हात आडवा केला. वाकून एक फूल उचललं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःच्या चपलांकडे पाहू लागले.

"पोट्टेहो," ते म्हणाले, "हे फुलं या झाडाचे नाई. याले राखेचा वास येऊन राह्यला. लोकं पालापाचोळा जाळून झाडाखालची जागा मोकळी करतेत, मंग येचतेत. मी इथी कधी काडी लावली नाई. मी झाडून घेतो. हे दुसऱ्याच्या झाडाचे फुलं हायेत. आनून टाकले."

ढोमणे साहेब हसत हसत पुढे झाले. "असू द्या हो दसरूभाऊ. मुलांना अनुभव मिळाल्याशी कारण."

"कायचा अनुभव, साहेब? खोटं बोलाचा?"

साहेबांनी त्या दोन बाईंकडे पाहिलं. दसरूभाऊ मात्र स्वतःशीच पुटपुटले, "लोकाच्या घरचं फूल रैनीच्या झाडाखाली टाकलं." रैनी कोण, हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची ती वेळ नव्हती.

मग त्यांनी चाळीस पोरांना कामाला लावलं. एकूणएक फूल उचलून टोपलीत भरायचं, ज्याचं त्याच्या घरी परत जायचं. चोरीचा माल सापडल्यासारखी पोरं खूश. प्रत्येक जण फूल हुंगून ओरडत होता, राख, राख. दोन वेण्यांची एक पोरगी मात्र उभीच राहिली. तिने विचारलं, "मग हे झाड कधी टाकणार?"

"त्याले इचार."

तिने खरोखर खोडाला कान लावला. बराच वेळ. मग म्हणाली, "अजून नाही म्हणतंय." तिला दसरूभाऊंनी ‘बरी’च्या वरचा चौकोन दिला असता.

पोरं नाश्त्याला बसली तेव्हा ढोमणे साहेबांनी सगळ्यांसमोर, अगदी त्या दोन बाईंसमोर, सांगून टाकलं, "दसरूभाऊ, पुढच्या महिन्यापासून तुम्ही यायची गरज नाही."

दसरूभाऊंनी शांतपणे विचारलं, "कोनता महिना, साहेब? छापलेला का भितीवरचा?"

साहेबांचा संयम सुटला. "भिंतीवरचा. तुमचाच. झालं समाधान?"

"झालं," दसरूभाऊ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता नेहमीप्रमाणे कामावर आले. भिंतीवर फेब्रुवारी होता.

जगात एप्रिल लागला. साहेबांचा फोन आला. "तो अजून येतो?" मी म्हटलं, "हो सर. आपल्याकडे अजून फेब्रुवारी आहे." साहेबांनी फोन ठेवला. बेचाळीस साक्षीदारांसमोर दिलेला शब्द होता.

आजवर दरवर्षी मी मोह पडायची वाट पाहायचे. यंदा पहिल्यांदा वाटत होतं, पडूच नये. रस्त्याने बायका भरल्या टोपल्या घेऊन घरी जायच्या, सगळ्या जंगलात तो गोडसर वास कोंदला होता, आणि मी रोज सकाळी दसरूभाऊंच्या मुठीकडे पाहायचे. रिकामी असली की माझा चहा गोड लागायचा. वच्छलाबाई तर पुढची निघाली. "देवाले नारळ बोलली मी," तिने मला हळूच सांगितलं. "म्हटलं, यंदा त्या झाडाले फूलच नको देऊ."

देवाने नारळ मनावर घेतला नाही. एका सकाळी दसरूभाऊ आले ते टी-शर्ट सुलटा घालून. छातीवर ‘निसर्ग मार्गदर्शक’. माझ्या टेबलावर त्यांनी एक पिवळट, टपोरं फूल ठेवलं. मग भिंतीकडे गेले आणि फेब्रुवारीचं पान पलटवलं. शेडची किल्ली फुलाशेजारी ठेवली.

"अंगी उद्या धुवून देतो," टी-शर्टाकडे बोट दाखवत ते म्हणाले.

मला राग आला. त्यांचाच. "एक फूल तर पडलं होतं, दसरूभाऊ. खिशात घालून गप्प बसला असता तर कोण येणार होतं पाहायला?"

"झाडानं टाकलं न, म्याडम. मंग मी कसं म्हनू, नाई टाकलं?"

तेव्हा मी तीन आठवडे जिभेवर असलेला प्रश्न विचारला. रैनी कोण?

ते दारात उभे होते, तिथेच उंबऱ्यावर बसले.

"माही बायको. आमच्याकडं मोहाचे झाडं घरोघर वाटून असतेत. लगन झालं तवा माह्या बापानं ते झाड तिच्या नावचं केलं. लेकरू नाई झालं आमाले. दोघंच येचत होतो. ती तिकडून, मी इकडून, मधात भेटत होतो. मधात भेटलो का घरी जाचं. ती गेली त्या साली एकटाच बसलो येचाले. ऊन चढलं तरी तिकडची बाजू तशीच. तिकडून कोनी येतच नोतं. म्हनून केंद्रात लागलो, म्याडम. इथी पोट्टे येतेत."

मी ज्या झाडाखाली दोन टोपल्या रिकाम्या केल्या होत्या ते हे झाड होतं. मला माझी लाज वाटली, आणि ती मी त्यांना बोलून दाखवली. ते म्हणाले, "तुमाले का माहीत." मग उठले. "नोकरी गेली तं गेली. झाड कुठी जाते? माह्या घरचं हाय."

ते त्यांच्या वाटेने पायी गेले आणि मी शेडमधली, ते वापरायचे ती केंद्राची सायकल काढली. चार वर्षांत मी ती कधी चालवली नव्हती. सीट उंच, ब्रेक नावापुरता. तिन्ही शाळांच्या दारात जाऊन, घामाघूम, मी एकच शब्द बोलले. "उद्या." तारीख कुणी विचारली नाही, पत्रक कुणी मागितलं नाही. तिसऱ्या शाळेचे गुरुजी फक्त म्हणाले, "यंदा लय उशीर केला झाडानं."

दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा झाडाखाली साठेक पोरं होती, वच्छलाबाई होती, मी होते. जमीन झाडून स्वच्छ केलेली, आणि तिच्यावर त्या झाडाचीच फुलं. अजूनही एकेक टपकत होतं. दसरूभाऊंनी पहिली ओंजळ बुंध्याशी ठेवली, पोरांना पलीकडच्या बाजूला पाठवलं आणि स्वतः एक जुनी, काठ उसवलेली टोपली घेऊन अलीकडे बसले. एकटेच. मी मदतीला जायला लागले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

पलीकडून गलका पुढे पुढे सरकत होता. दसरूभाऊ मान खाली घालून वेचत होते. ऊन अजून पानांवरच होतं तेव्हा एका पोरीचा हात आणि त्यांचा हात एकाच फुलावर आला. त्यांनी आपला हात मागे घेतला.

"घे," ते म्हणाले. मग तिला दिसू नये म्हणून तोंड वळवून त्यांनी सुलट्या टी-शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "चाला आता. झालं. घरी जाचं."

केंद्राच्या भिंतीवर अजून मार्च आहे. नवीन मार्गदर्शक पाठवू का, म्हणून ढोमणे साहेबांचा दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा त्यांनी हेही विचारलं की एप्रिल संपत आला तरी माझा मार्चचा अहवाल कसा नाही. मी सांगितलं, चारं अजून हिरवी आहेत सर, ती पिकली की दसरूभाऊ येतील. पान पलटवायचा अधिकार माझ्याकडे नाही.